ज्याने भासऱ्यांचा बैल नेला तो

इंग्रजी शिकवण्यात माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य गेलं, आणि ज्याची मायबोली इंग्रजी आहे अशा एकाही माणसाशी मी त्या उन्हाळ्यापर्यंत बोललो नव्हतो. आरमोरीकडच्या आमच्या शाळेत हे कधी कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पोहायला शिकवणाऱ्या माणसाने नदी पाहिली नसावी, तसं ते होतं. रात्री जेवताना कधी कधी ते आठवायचं आणि घास कोरडा लागायचा.

त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका जंगलाच्या गेटवर गाईडांना इंग्रजी शिकवायला कुणीतरी हवं आहे असं कळलं, तेव्हा मी सुट्टी सोडून गेलो. वाटलं, हे प्रायश्चित्त होईल.

गाईड म्हणजे आसपासच्या गावातलीच माणसं. सकाळ-संध्याकाळ पर्यटकांसोबत जिप्सीत उभं राहायचं आणि जनावर दाखवायचं. परदेशी पाहुण्यांच्या गाड्यांवर जायचं असेल तर इंग्रजीची परीक्षा पास करावी लागणार होती. परीक्षा म्हणजे वनखात्याचे साहेब स्वतः गाडीत बसणार, सोबत खरे परदेशी पाहुणे असणार आणि गाईडने पूर्ण फेरीभर इंग्रजीत बोलायचं. दुपारी दोन्ही फेऱ्यांच्या मधल्या वेळात तिकीट खिडकीशेजारच्या शेडमध्ये माझा वर्ग भरायचा. फळा खुर्चीला टेकवलेला असायचा आणि माकडं वरून पत्र्यावर पळायची.

मी शाळेतलाच धडा काढला, रिलेटिव्ह क्लॉज. मराठीत आपण 'जो, जी, जे' लावून बोलतो ते उपवाक्य. त्यात दोन जाती. एक, जिच्यावाचून माणूस ओळखूच येत नाही. 'जो विहिरीजवळ राहतो तो माणूस.' आणि दुसरी, जी नुसती वरची माहिती देते. 'माझा भाऊ, जो गडचिरोलीत राहतो, काल आला.' दुसऱ्या जातीत आधी आणि नंतर स्वल्पविराम येतो, म्हणजे बोलताना थोडं थांबायचं. ते लक्षात राहावं म्हणून मी एक युक्ती काढली. स्वल्पविराम आला की मी तर्जनी वर करायचो. बोट वर असेपर्यंत बोलणाऱ्याने श्वास घ्यायचा.

ही युक्ती मीच काढली होती. पुढे जे झालं त्यात हे विसरून चालणार नाही.

पहिल्या दिवशी मी पुस्तकातलं वाक्य लिहिलं. 'जो आमच्या शेजारी राहतो तो माणूस डॉक्टर आहे.'

"आमच्या शेजारी डॉक्टर नाई राह्यत, सर," एक जण म्हणाला.

"उदाहरण आहे हो."

"मंग उदाहरणात तरी राहू द्या बापा. आमाले बरं होईन."

सगळे हसले. मीही हसलो, आणि हसल्याबद्दल संध्याकाळपर्यंत मला वाईट वाटत राहिलं, कारण त्याच्या आईला दवाखान्यात न्यायला तो अर्धा दिवस गाडी शोधत होता हे मला नंतर कळलं.

वर्गात एक बाई होत्या. तिशीतल्या, खाकी शर्ट-पँट, डोक्यावर टोपी. नवरा आलापल्लीला लाकडाच्या डेपोत कामाला, महिन्यातून एकदा घरी यायचा. घरात कर्ता म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडे त्याला भासरा म्हणतात. भासऱ्यांनी बाईंना सांगितलं होतं, परीक्षेत पास झाली तर जंगलात जा, नाही तर पावसाळ्यापासून धानाच्या रोवणीला घरी. म्हणजे थेट बाईंना सांगितलं नव्हतं. भासरा भावाच्या बायकोशी थेट बोलत नाही आणि ती त्याचं नाव घेत नाही, समोरही येत नाही. ते त्यांनी अंगणात उभं राहून बैलाला सांगितलं होतं, बाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तो पांढरा बैल तेव्हा जिवंत होता.

"मले घरी बसाचं नाई, सर," बाई मला म्हणाल्या. "जंगलात उभी राह्यली का मले बरं वाटते. पास करा मले."

"मी फक्त शिकवणार आहे. पास साहेब करणार."

"मंग नीट शिकवा."

शिकवायला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात पाहिलं, की बाईंसारखी रिलेटिव्ह क्लॉज वर्गात कुणालाच जमत नाहीत. कारण सोपं होतं. ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याला दुसरं काय म्हणणार? 'जे मारोतीच्या देवळामागं राह्यतात ते.' 'ज्यायच्या हाताले आंगठी हाये ते.' लग्न झाल्यापासून त्या हेच करत आल्या होत्या. मी फक्त ते इंग्रजीत करून दिलं.

आणि मग दुसरं नाव. वाघ. हे मी घरी, खुर्चीत बसून, दार लावून लिहितो आहे, म्हणून एकदा लिहिलं. पुन्हा लिहिणार नाही. जंगलात शिरल्यावर त्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की त्याला वाटतं आपल्याला बोलावलं. म्हणून त्यालाही त्याच्या करणीवरून ओळखायचं. आमचा वर्ग सुरू असतानाच त्याने भासऱ्यांचा तो पांढरा बैल नेला. तेव्हापासून बाईंच्या तोंडी तो 'ज्यानं बैल नेला तो' झाला.

मी म्हणालो, "इंग्रजीत टायगर म्हणा ना. ते काही त्याचं नाव नाही."

शेडमधल्या सगळ्यांनी एकदम जंगलाकडे पाहिलं. पत्र्यावरचं माकडसुद्धा थांबलं असं मला वाटलं. मग सगळ्यांत म्हातारे गाईडभाऊ बोलले.

"सर, तुमी नवे हाये म्हणून सांगतो. इतके साल झाले, रोज सकाळ-संध्याकाळ गाड्या येऊन राह्यल्या. गाडीगणिक लोकं टायगर टायगर करते. त्याले मराठी तरी कोण बोलते? आता त्याले इंग्रजीच जास्त समजते."

"आपल्यापेक्षा जास्त," दुसरा म्हणाला.

"परीक्षेले त्यालेच बसवा, सर. पास होईन."

मी शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध देतो. त्या दिवशी मी फळा पुसला आणि पुढचं उदाहरण घेतलं.

पण माझी खरी चूक ही नाही. पहिल्या आठवड्यात बाई इंग्रजीत एवढंच बोलायच्या, "सर, लुक, लेफ्ट." आणि समोरचा डावीकडे बघायचा. त्यांना ते पुरत होतं आणि पाहुण्यांनाही पुरलं असतं. मीच म्हणालो, "हे तुटक झालं. परीक्षा आहे. पूर्ण वाक्य बोला. कर्ता कोण, काय करतो आहे, कोणाचा कोण, सगळं आलं पाहिजे." बाई मेहनती होत्या. रोज एक उपवाक्य जास्त जोडायच्या. पंधरवड्यात त्यांचं वाक्य इतकं लांब झालं की वर्गातले लोक ते संपल्यावर टाळ्या वाजवायचे. मीही वाजवायचो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आम्ही एकाच जिप्सीत निघालो. पुढे ड्रायव्हरभाऊ. त्यांच्या शेजारी बाई, पाहुण्यांकडे तोंड करून, सीटला धरून उभ्या. मधल्या सीटवर परदेशी नवरा-बायको, दोघंही वयस्कर, अत्यंत सभ्य. मागच्या सीटवर डावीकडे मी आणि उजवीकडे साहेब, मांडीवर गुणांचा कागद. पाहुणे मला काहीतरी म्हणाले. मला त्यातला एकच शब्द समजला, 'मॉर्निंग'. मी 'येस' म्हणालो. एवढ्या वर्षांच्या प्रतीक्षेनंतर इंग्रजी माणसाशी माझं पहिलं संभाषण ते.

बाई छान बोलत होत्या. मोह, तेंदू, झाडांना टेकलेली वारुळं, सगळं उपवाक्यांसकट. एका पाणवठ्याजवळ ड्रायव्हरभाऊंनी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. चितळाचा इशाऱ्याचा एक आवाज आला आणि थांबला. मग बाईंचे डोळे माझ्या उजव्या बाजूला, साहेबांच्या खांद्यावरून पलीकडे गेले आणि तिथेच राहिले.

मी मान वळवली. बांबूच्या बेटाखाली तो बसला होता. साहेबांपासून आमच्या शाळेतल्या बाकांच्या दोन रांगा मावतील एवढ्या अंतरावर. पुढचे पाय एकमेकांवर ठेवून, एखादा पाहुणा चहाची वाट बघतो तसा. साहेबांची मान खाली, ते 'उच्चार' या रकान्यात काहीतरी लिहीत होते.

बाईंनी श्वास घेतला.

"द वन," त्या हळू आवाजात, स्पष्ट म्हणाल्या, "हू टुक द बुलॉक ऑफ द मॅन,"

आणि माझं बोट वर गेलं.

मी ते वर केलं नाही. ते गेलं. पंधरा दिवसांची सवय. बाई माझ्या बोटाकडे बघून थांबल्या. पाहुण्यांनी बाईंची नजर कुठे गेली ते पाहिलं, आणि दोघंही वळून माझ्या बोटाकडे बघू लागले. मी डावीकडे बसलो होतो. तो उजवीकडे होता.

"हू इज द एल्डर ब्रदर ऑफ माय हसबंड," बाई म्हणाल्या. बोट वर. पाहुण्यांनी माझ्या बोटाच्या दिशेने आकाशात पाहिलं. "हू वर्क्स इन आलापल्ली," बोट वर. परदेशी बाईंनी दुर्बीण काढून वरचा सागाचा शेंडा न्याहाळायला सुरुवात केली.

तो तिथेच होता. त्याने एक कान हलवला. मला आठवलं, त्याला इंग्रजी समजतं. आपल्याबद्दल काय बोलणं चाललंय ते तो ऐकत असावा, निदान क्रियापद येईपर्यंत थांबावं एवढी त्याची समज होती.

मला फक्त एक शब्द बोलायचा होता. मी या गावचा नाही. आमच्या घरी असलं काही कुणी पाळत नाही. ओठांपर्यंत आलेला तो शब्द मी गिळला, कारण मला भीती वाटली, की मी नाव घेतलं तर त्याला वाटेल मीच बोलावलं. ड्रायव्हरभाऊ आरशातून सगळं बघत होते. गाडीत तिघांना तो दिसत होता आणि तिघांपैकी बोलणाऱ्या एकट्या बाई होत्या, आणि त्या अजून कर्त्याचंच वर्णन करत होत्या.

"अँड विच वॉज अ व्हाइट बुलॉक," बाई म्हणाल्या. हे माझ्या शिकवण्याप्रमाणे चुकीच्या जागी होतं. मी नकारार्थी मान हलवली. देवा, तेव्हाही मी मान हलवली! बाईंनी ते उपवाक्य मागे घेऊन योग्य जागी लावण्यासाठी पुन्हा "द वन" पासून सुरुवात केली.

तो उठला. अंग ताणलं, आणि बांबूत शिरला.

"इज सिटिंग," बाईंचा आवाज बसला, पण वाक्य त्यांनी पूर्ण केलं, "बिहाइंड यू."

पाहुणे वळले. साहेब वळले. दोन बांबू हलत होते. परदेशी गृहस्थ हसून म्हणाले, "लव्हली." बहुधा बांबूंना.

गेटवर परत आल्यावर साहेबांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, बाई इंग्रजी बोलतात. पण पाहुण्यांना काही दिसत नाही. गाईड आहेत का कीर्तनकार? यांना पास करणं अवघड आहे."

बाई टाकीपाशी पाणी पीत उभ्या होत्या. ग्लास रिकामा झाल्यावरही त्या पीतच होत्या.

"साहेब, दोष माझा आहे," मी म्हणालो. "पूर्ण वाक्याचा हट्ट माझा. बोट माझं. आणि मलाही तो दिसला होता. तुमच्या खांद्यामागे. मी बोललो नाही."

साहेबांनी एकदम आपल्या खांद्याला हात लावला. "माझ्या खांद्यामागे? मग ओरडायचं नाही का? टाय..." ते थांबले. आम्ही गेटच्या आतल्या बाजूला उभे होतो. साहेबांनी गेटकडे पाहिलं, जंगलाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सायटिंग म्हणून सांगायचं."

"म्हणजे तुम्हीही..."

"आम्ही सायटिंगच म्हणतो. वायरलेसवर मूव्हमेंट म्हणतो. ती पद्धत आहे." त्यांचे कान लाल झाले होते.

तेवढ्यात पाहुणे आले. मी पूर्ण लक्ष देऊन ऐकलं आणि मला जन्मात पहिल्यांदा एक पूर्ण इंग्रजी वाक्य इंग्रजी तोंडातून समजलं. ते विचारत होते, ज्याचा बैल गेला तो माणूस कुठे आहे? त्याला भेटता येईल का? फेरीभर बाईंच्या वाक्यांतून त्यांना तो माणूस इतका भेटला होता, की जनावरापेक्षा त्यालाच बघावं असं त्यांना वाटत होतं.

साहेबांना काय करावं कळेना. गाव गेटला लागूनच. आम्ही गेलो.

भासरे अंगणात बसून नव्या बैलासाठी दावं वळत होते. जिप्सी थांबताच बाई उतरल्या आणि गाडीमागे गेल्या. पदर नव्हता, म्हणून टोपी नाकापर्यंत ओढली.

"गुरुजी, हे कोण? माह्याकडं काऊन पाहून राह्यले?" भासऱ्यांनी मला विचारलं.

"तुमच्या बैलाचं कळलं त्यांना. म्हणून आलेत."

"पांढऱ्याचं?"

"हो."

गाडीमागून टोपी बोलली, "दिस इज द मॅन हूज बुलॉक वॉज टेकन."

परदेशी बाईंनी छातीवर हात ठेवला आणि भासऱ्यांकडे बघून खूप हळू "सो सॉरी" म्हणाल्या. भासऱ्यांच्या हातातलं दावं थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"इतक्या लांबून? बैलाच्या दुखवट्याले?"

मी हो म्हणालो. ते खोटं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर जे झालं ते रीतीप्रमाणे झालं. भासऱ्यांनी खाट टाकली, त्यावर चादर टाकली, पाहुण्यांना बसवलं. पाणी आलं. दुखवट्याला आलेल्यांशी लगेच बोलत नाहीत, म्हणून सगळे गप्प बसले. साहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. परदेशी गृहस्थांनीही आपली काढली. शेजारची दोन माणसं येऊन कुंपणाशी उकिडवी बसली. दारातून नवा बैल आत डोकावला आणि त्याला हाकलण्यात आलं, प्रसंग बरा दिसेना म्हणून.

बऱ्याच वेळाने भासरे म्हणाले, "लय गुणाचा होता. सांगा त्यांले."

मी तोंड उघडण्याआधीच गाडीमागून आलं, "ही वॉज व्हेरी गुड, सर."

भासऱ्यांनी मान हलवली. मग गाडीकडे न बघता मला विचारलं, "हे सारं त्यांले बाईनंच सांगतलं?"

"हो."

"इंग्रजीत?"

"हो."

"पांढरा होता हेबी?"

"तेही. दोनदा."

भासरे उठून साहेबांसमोर उभे राहिले. "मंग पास झाली ना बाई?"

साहेब अवघडले. "त्यांना ते दाखवता आलं नाही पाहुण्यांना."

"काय दाखवता आलं नाई?"

साहेबांनी इकडे-तिकडे पाहिलं. "ते."

"तो कोणाच्या बापाले रोज दिसते, साहेब? मले तं बैल नेला तवाबी नाई दिसला. आमच्या घरचं दुःख समुद्राच्या पलीकडं समजलं, याच्याहून जास्त इंग्रजी कायले पाह्यजे? बसा तुमी. चहा होऊन राह्यला."

चहा झाला. साहेबांनी बशी खाली ठेवली, खिशातून गुणांचा कागद काढला आणि मला म्हणाले, "पास करतो. एका अटीवर. बाईंच्या गाडीत मास्तर बसणार नाहीत."

मी कबूल केलं. भासऱ्यांनी नव्या बैलाकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले, "जा रे बापा जंगलात. रोवणीले मी माणसं लावतो." गाडीमागे टोपी खाली-वर झाली.

निघताना परदेशी गृहस्थांनी भासऱ्यांचं नाव विचारलं. बाईंनी टोपी आणखी खाली ओढली. साहेब माझ्याकडे, मी त्यांच्याकडे. शेवटी भासऱ्यांनी स्वतःच छातीवर हात ठेवून ते सांगितलं, आणि पाहुण्यांनी ते घोळवून घोळवून इतकं चुकीचं म्हटलं की कुंपणाशी बसलेले हसून पडले. ते इथे लिहिलं असतं, पण पहिल्यापासून कुणाचंच लिहिलेलं नाही. सवय लागली.

त्या सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मी गेटवर उभा होतो. बाई पहिल्यांदा परदेशी पाहुण्यांच्या गाडीवर निघाल्या होत्या. गाडी गेटच्या आडव्या बांबूपाशी थांबली. बाईंनी पाहुण्यांना माझी ओळख करून द्यायला सुरुवात केली, "दिस इज अवर सर,"

माझं बोट वर गेलं. बाई थांबल्या. गाडी थांबूनच राहिली. बांबू उचलणारा माणूस दोरी हातात धरून तसाच थांबला. मी दुसऱ्या हाताने ते बोट खाली ओढलं.

"चाला, बाई," ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "उजाडून राह्यलं."